पारधे सर आणि खराडीचा दगड

पारधे सरांना किळस फार यायची. लोकांना राग येतो, वैताग येतो, कंटाळा येतो. सरांना या सगळ्याच्या जागी किळसच यायची. स्टाफरूममधल्या पाकासारख्या चहाची, पोरांनी एकमेकांच्या जर्नलमधून उतरवलेल्या आकृत्यांची, लॅमिनेट केलेल्या तक्त्यांची, नखं खाणाऱ्यांची आणि 'सिद्ध झालंय' हे दोन शब्द फार सहज वापरणाऱ्यांची. तोंडातून एक बारीकसं 'शी' निघायचं, डावी नाकपुडी वर जायची आणि त्यांच्यापुरता विषय संपायचा. स्वतःचा कप ते घरून आणायचे, दोनदा विसळायचे, रुमालाने पुसायचे आणि परत कपाटात ठेवून कुलूप लावायचे. आणि हाच माणूस पोरांना घेऊन दगडखाणीत गेला की हातोडीने तुकडा फोडून सरळ जिभेला लावायचा.

आमच्या भूशास्त्रात ही जुनी रीत आहे. मातीचा अंश असलेला दगड जिभेला चिकटतो, बाकीचे चिकटत नाहीत. पण पुस्तकात वाचणं निराळं आणि वाघोलीच्या पुढच्या खाणीत, ट्रकच्या धुळीत उभं राहून प्रत्यक्ष करणं निराळं. मी नोकरीला नवीन होते. सरांनी एक तुकडा फोडून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "चाटा." माझा चेहरा बघून पुढे म्हणाले, "बाई, हा दगड साडेसहा कोटी वर्षांत कुणी उष्टा केलेला नाही. तुमच्या स्टाफरूममधल्या कपाचं असं सांगता येईल का?"

मी चाटला. पुढे सवयच लागली.

जयवंत पारधे मूळचे नगरकडचे, मराठी ख्रिस्ती. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. मी सोनावणे, येरवड्याची. ते आमच्याच गल्लीच्या तोंडाशी राहायचे, त्यामुळे त्यांच्या स्कूटरवर मागे बसून मी कित्येक वर्षं पूल ओलांडून कॉलेजला गेले. आमच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि घरातले देव नदीत सोडले; तेव्हापासून आमच्याकडे देव नाही. सर त्याबद्दल म्हणायचे, "तुमचं बरं आहे बाई, तुम्हाला कुणाची बाजू घ्यावी लागत नाही." यात चेष्टा किती आणि हेवा किती, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं.

प्रथम वर्षाच्या मुलांना ते पहिल्याच तासाला जलप्रलयाची गोष्ट सांगायचे. नोहा, त्याचं तारू, जनावरांच्या जोड्या. मुलं एकमेकांकडे बघायची. आपल्याला भूशास्त्राच्या नावाखाली बायबल ऐकवतायत की काय, असं त्यांना वाटायचं. मग सर सांगायचे, की हे शास्त्र ज्यांनी उभं केलं त्यांतले बरेच जण पाद्री होते. नोहाच्या पुराचा गाळ शोधायला म्हणून ते डोंगरदऱ्यांतून हिंडले. गाळ सापडला, शिंपले सापडले, पण सगळं एका पुराचं काही निघेना. त्यांच्यातल्याच एकाने शेवटी भरसभेत उभं राहून सांगितलं, की मी आजवर चुकीचं शिकवत होतो. "त्या दिवशी हे शास्त्र वयात आलं," असं म्हणून सर फळ्यावर दोन जाड पट्टे काढायचे आणि मध्ये एक तांबडी रेघ. पट्टा म्हणजे काळ्या लाव्हाचा थर. त्यावर झीज होऊन माती झाली, मग वरून दुसरा लाव्हा आला आणि ती माती भाजून तांबडी झाली. अशा रेघा आपल्या घाटांत एकावर एक आहेत. "एवढी माती व्हायला किती पावसाळे लागले असतील? आणि तेही पुरात बुडालेल्या जमिनीवर?" असं विचारून ते खडू खाली ठेवायचे.

स्टाफरूममध्ये लेले नावाचे फिजिक्सचे सर होते. सदाशिव पेठेतले, बुद्धिवादी म्हणून प्रसिद्ध. निदान दुसऱ्यांच्या धर्माबाबत तरी ते बुद्धिवादी होते. "काय पारधे, तुमच्या नोहाने डायनासोर कुठल्या मजल्यावर ठेवले होते हो?" हा विनोद ते वर्षातून चार वेळा करायचे आणि दर वेळी पहिल्यांदा सुचल्यासारखे हसायचे. याच लेल्यांनी एकदा कुठल्याशा दिवाळी अंकात लेख लिहिला, की हिमयुग संपल्यावर समुद्राची पातळी वाढली, त्याचीच आठवण म्हणजे आपल्या मनूची आणि माशाची कथा. आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं. लेख त्यांनी सरांपुढे सरकवला. सरांनी तो बोटाच्या टोकाने परत सरकवला. "लेले, तुमचा मासा आणि आमचं तारू, दोन्ही प्रयोगशाळेच्या बाहेर ठेवा. आत वास येतो."

लेले दुखावले. पारध्यांना शास्त्रीय दृष्टी नाही, असं ते सगळ्यांना सांगत फिरले.

पण सरांचा खरा जीव कॉलेजात नव्हता. तो रविवारच्या त्या एका तासात होता. आमच्याकडच्या छोट्या मराठी चर्चमागे एक लांबट खोली आहे, तिथे ते संडे स्कूल घ्यायचे. लग्न झाल्यापासून घेत होते, बायको गेली त्या आठवड्यातही घेतलं. माझी मुलगीसुद्धा शेजारच्या पोरांबरोबर जायची. गोष्ट ऐकायला आमच्या घरी कुणाची हरकत नव्हती. एकदा तिला आणायला गेले तेव्हा आत दोन टेबलं जोडून वरून चादरी सोडलेल्या होत्या, आणि वीसेक पोरं त्या काळोखात दाटीवाटीने बसलेली होती. सर वरून टेबलावर बोटांनी ताशा वाजवत होते. म्हणजे पाऊस.

"आत कोण कोण आहे?" सर.

"हत्ती." "उंट." "मी डुक्कर."

"वास कसला येतोय?"

आत खिदळणं. मग एक पोरगी म्हणाली, "शेणाचा."

"बरोबर. मग नोहा काय करत असेल दिवसभर?"

"शेण काढत असेल."

"बाहेर कोण आहे?"

यावर आतला आवाज बंद झाला. मग एका मुलाने हळूच सांगितलं, "बाहेर बाकीची माणसं आहेत. ती बुडाली."

"हं," सर म्हणाले आणि बोटं थांबवली. मुलांच्या पुस्तकांत तारवाचं चित्र असतं, त्यातला हसरा जिराफ आणि वरचं इंद्रधनुष्य यांची सरांना सगळ्यांत जास्त किळस यायची. "मागच्या पाण्यात प्रेतं आहेत आणि जिराफ हसतोय," असं ते म्हणायचे. परत येताना मी त्यांना विचारलं, की असली भयंकर गोष्ट लहान मुलांना सांगायचीच कशाला. स्कूटर त्यांनी कडेला घेतली. चालवताना ते महत्त्वाचं बोलत नसत. म्हणाले, "बाई, देवाला माणसांची किळस आली, त्याची ती गोष्ट आहे. आणि सगळं बुडवून झाल्यावर देवाला स्वतःच्या त्या किळसेची किळस आली. परत असं करणार नाही म्हणाला. ज्याला उठल्यासुटल्या किळस येते त्याने ही गोष्ट दरवर्षी सांगावी." मग स्कूटर चालू केली. मला देवाचं काही देणंघेणं नाही, पण हे मला पटलं होतं.

दरम्यान पुणं बदलत होतं. खराडीत शेतं होती तिथे काचेच्या इमारती उठायला लागल्या. कॉलेजात मुलं दगड सोडून कॉम्प्युटरकडे पळाली. आमची निम्मी प्रयोगशाळा पार्टिशन घालून कॉम्प्युटर लॅबला दिली गेली आणि दगडांची कपाटं व्हरांड्यात आली, मुताऱ्यांच्या शेजारी. सर रोज त्या वासात उभे राहून दगडांवरची धूळ झटकायचे. मला प्राचार्यांची तेव्हा जी शिसारी आली ती अजून गेलेली नाही.

आणि मग अभिजित आला. अभिजित सरांच्याच संडे स्कूलमधला, हुशार मुलगा. अमेरिकेत काही वर्षं राहून परतलेला, खराडीत मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर. मनाने वाईट मुळीच नाही; त्याच्यामुळे चर्चमध्ये तरुण पोरं येऊ लागली, गिटार आली, प्रोजेक्टर आला. त्याच्या ऑफिसशेजारी नव्या इमारतीचं तळघर खणत होते. तिथून त्याने एक पाटासारखा सपाट दगड आणला. पाठीवर सुंदर वळ्या होत्या, एकीला लागून एक. वाळूवर पाण्याने उमटाव्यात तशा दिसणाऱ्या. तो दगड गाडीच्या डिकीत घालून तो सरांच्या दारात हजर झाला.

"सर, बेसिकली हे रिपल मार्क्स आहेत. क्लिअर कट वॉटर. खराडीत. समुद्र कुठे, खराडी कुठे. मी चर्च हॉलमध्ये प्रेझेंटेशन ठेवतोय, 'जलप्रलय आणि आधुनिक विज्ञान'. शेवटी तुम्ही दोन शब्द बोला. तुम्ही पीएचडी आहात, लोक ऐकतील."

सर गळ्यातलं भिंग काढून दगडावर वाकले. मग म्हणाले, "अभिजित, हा लाव्हा आहे. दुधावरच्या सायीला फुंकर मारली की सुरकुत्या पडतात ना, तशा वाहत्या लाव्हाच्या कातडीला पडतात. याने पाणी बघितलेलं नाही. दुसरं काहीतरी दाखव."

अभिजित हसला. सर जुन्या पठडीतले आहेत, प्रत्यक्ष सभेत वातावरण बघून बोलतील, असं त्याला वाटलं असावं. पत्रिका छापल्या, आमच्या कॉलेजातही वाटल्या. सरांचं नाव खाली ठळक होतं.

मी गेले. लेलेही आले, मजा बघायला. हॉलमध्ये नव्या रंगाचा, अत्तराचा आणि तेलकट समोशांचा वास एकत्र झाला होता. पडद्यावर तारवाचं घनफळ आलं, त्यात मेंढ्या किती मावतील याचा तक्ता आला, एकेक आकडा गरगरत येऊन बसत होता. कॉम्प्युटरने सिद्ध झालंय, असं अभिजित दर दोन मिनिटांनी म्हणत होता. बुडालेल्या माणसांना त्या तक्त्यात रकाना नव्हता. मग तो दगड रांगांमधून फिरवला. लोक त्याला हात लावून हात छातीशी नेत होते. एका म्हातारीने त्याचा मुका घेतला. शेजारच्याने समोशाची बोटं त्यावर पुसल्यासारखी फिरवली आणि पुढे दिला. मला त्या सगळ्याची किळस आली, आणि ही किळस सरांकडून उसनी घेतलेली नव्हती. श्रद्धेची नाही आली. आमच्याकडे देव नसला तरी ती म्हातारी मला कळत होती. किळस आली ती तिच्या हातात तो दगड देणाऱ्याची.

सरांना पुढे बोलावलं. त्यांनी घरी सांगितलं होतं तेच शांतपणे पुन्हा सांगितलं, सायीसकट. अभिजितने माइक हातात घेतला आणि अगदी नम्रपणे विचारलं, "सर, एकच प्रश्न. पवित्र शास्त्रातला शब्द तुम्हाला खरा वाटतो की नाही?"

"खरा वाटतो," सर म्हणाले. "म्हणून मी त्याच्यासाठी पुरावा गोळा करत नाही. तू करतोयस."

मागून लेल्यांनी टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच. त्या टाळ्यांनी सरांचं जेवढं नुकसान केलं तेवढं अभिजितने केलं नसेल.

पुढच्या आठवड्यात चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, सरांच्या घरी आले. परीक्षेची जर्नलं तपासायला मी तिथेच बसले होते. पाळकसाहेब सज्जन माणूस, इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर चष्मा पुसत म्हणाले, "सर, मुलांसाठी नवा अभ्यासक्रम येतोय, सीडीवर. अभिजित बघणार आहे. काही पालकांचं म्हणणं पडलं, की सरांच्या मनात शंका असतील तर मुलं त्यांच्या हाती कशी द्यायची. मी त्यांना म्हटलं, सर आपलेच आहेत. आपण येत्या रविवारी मंडळीसमोर फक्त एवढंच म्हणा, की दगड पाण्याचाही असू शकेल. एक वाक्य. वर्ग आपल्याकडेच राहील, हा माझा शब्द."

"पण तो पाण्याचा नाही," सर म्हणाले.

"दगडासाठी मुलं सोडणार आपण?"

पाळकसाहेबांसाठी केलेला चहा त्यांच्यापुढे तसाच होता, त्यावर साय धरली होती. "मला रविवारपर्यंत वेळ द्या," सर म्हणाले.

तो आठवडा मी विसरणार नाही. सरांना ते वाक्य खरोखर म्हणायचं होतं. मुलं गेली तर रविवारचं त्यांच्यापाशी काय उरणार, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. गुरुवारी व्हरांड्यातल्या कपाटांपाशी त्यांनी मला थांबवलं. "बाई, जरा ऐका, जमतंय का बघा." घसा साफ केला. "सदर दगड... पाण्याचाही..." पुढे जाईना. खवट शेंगदाणा दाताखाली यावा तसं तोंड झालं. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. मी म्हटलं, "सर, म्हणून टाका हो. एवढ्या पोरांसाठी. देवाला कळेल की."

"देवाला कळेल," ते म्हणाले. "पोरांना कोण सांगणार? मी त्यांना शिकवतो, शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नका. दगड शेजारीच म्हणायचा. खराडी काही फार लांब नाही."

मला हसू आलं. ते हसत नव्हते.

सोमवारी स्कूटरवर बसताना विचारलं, काय झालं म्हणून. "काही नाही. उभा राहिलो. सगळे बघत होते. पहिल्या रांगेत पोरं होती. सलाम म्हणालो आणि खाली बसलो." सलाम म्हणजे त्यांच्याकडचा नमस्कार. त्यानंतरच्या रविवारपासून लांबट खोलीत पडदा आणि सीडी आली. त्यातलं पहिलं चित्र हसऱ्या जिराफाचं होतं, असं माझ्या मुलीने घरी येऊन सांगितलं. मी तिला पुढे पाठवलं नाही.

लेले पेढे घेऊन आले, खरोखरचे पेढे. "अभिनंदन पारधे. सोडलंत एकदाचं ते खूळ. आमच्या मंडळात या, तुमचं व्याख्यान ठेवू. 'मी धर्म का सोडला'. हाउसफुल होईल."

"मी काही सोडलेलं नाही, लेले," सर म्हणाले. "मला काढलंय." पेढ्याचा बॉक्स त्यांनी बोटाच्या टोकाने परत सरकवला. या वेळी 'शी'सुद्धा निघालं नाही. लेल्यांना फरक कळला नाही. ते स्वतःच दोन पेढे खाऊन, बोटं चाटत तासाला गेले. मी त्या माणसाशी पुढे रिटायर होईपर्यंत कामापुरतं बोलले.

सरांनी चर्चला जाणं थांबवलं नाही. ते शेवटच्या बाकावर बसायचे, गाणी म्हणायचे, अभिजितशीही बोलायचे. रिटायर झाल्यावर स्कूटर विकली. डोळे अधू झाले. नगरला बहिणीकडे जायचं ठरलं, आणि गेल्यावर वर्षाच्या आत ते तिकडेच वारले. त्यामुळे जाण्याआधीच्या रविवारी मला जे दिसले तेच माझ्यापुरते शेवटचे.

मी त्यांना जेवायला बोलावण्यासाठी गेले होते. उपासना संपून बराच वेळ झाला होता, मोठी माणसं घरी गेली होती. मागच्या खोलीत संडे स्कूल सुटायच्या बेतात होतं. अंगणात पालक उभे होते, बरेचसे नवीन, गळ्यात कंपनीची ओळखपत्रं रविवारीही अडकवलेली. त्यांच्यातच, भिंतीलगतच्या सिमेंटच्या कट्ट्यावर पारधे सर बसले होते. इस्त्रीचा शर्ट, हात मांडीवर, तोंड खोलीच्या दाराकडे. कुणी त्यांच्याशी बोलत नव्हतं. कुणी टाळतही नव्हतं. नव्या लोकांना ते कोण आहेत हेच माहीत नव्हतं.

दार उघडलं आणि पोरं धावत बाहेर आली. ज्याची त्याची माणसं त्याला त्याला घेऊन निघाली. पाचसहा वर्षांची एक मुलगी मात्र राहिली. तिची आई फोनवर बोलत होती. मुलगी इकडेतिकडे करत कट्ट्यापाशी आली आणि सरांसमोर उभी राहून त्यांना नीट न्याहाळू लागली. मी फाटकातच होते, मला स्पष्ट ऐकू आलं.

"आजोबा, तुम्ही कुणाला न्यायला आलात?"

सरांनी तिच्याकडे पाहिलं. मग खोलीकडे.

"माझा अजून सुटला नाही," ते म्हणाले.

मुलीने मान हलवली. तिला ते पटलं. तिची आई आली आणि तिला घेऊन गेली. अंगण रिकामं झालं. आतून शिपाई आला, त्याने खोलीतले दिवे घालवले, दार ओढून घेतलं, कुलूप लावलं. पारधे सर तिथेच बसून त्या दाराकडे बघत होते.